हरवलेली 'टायपिस्ट गर्ल' आणि माळ्यावरचे डबे : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९२६ साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीचा 'टायपिस्ट गर्ल' नावाचा मूकपट आला. आज तो हरवलेल्या चित्रपटांत मोजला जातो. कचेरी, टाइपरायटर, टेलिफोन आणि त्यांच्या आजूबाजूला जुळणारी मनं हा त्या काळच्या पडद्याचा आवडता विषय होता, आणि त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. नागपूर आणि विदर्भात जुनी रिळं, हँडबिलं, सिनेमाच्या पुस्तिका अजून घरांतून निघतात. ती निघाल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. घाईत असाल आणि हातात डबा असेल, तर थेट "डबा सापडला, आता पहिल्या तासात काय करू?" या प्रश्नाकडे जा.

'टायपिस्ट गर्ल' कुणाचा चित्रपट?

दिग्दर्शक चंदुलाल शाह. प्रमुख भूमिकेत सुलोचना, सोबत गोहर. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू घरातली मुलगी. सिनेमात येण्याआधी ती खरोखरच टेलिफोन ऑपरेटर होती. त्याच १९२६ साली तिचा 'टेलिफोन गर्ल'ही आला. पुढे ती मूकपटांच्या काळातली सर्वांत मोठी तारका झाली आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. चंदुलाल शाह आणि गोहर यांनी १९२९ मध्ये रणजीत ही कंपनी उभी केली.

एक खबरदारी. मराठी चित्रपटांतल्या सुलोचनादीदी (लाटकर) वेगळ्या. जुनी कात्रणं चाळताना या दोघींची गल्लत फार होते. १९४० च्या आधीच्या मूकपटाच्या जाहिरातीत "सुलोचना" दिसली, तर ती रूबी मायर्स.

तो विनोदी होता का? गोष्ट काय होती?

त्या काळी अशा चित्रपटांची जाहिरात "सामाजिक" म्हणून व्हायची. पौराणिक आणि ऐतिहासिक सोडून आजच्या शहरातलं जे काही असेल, ते सगळं या एका शब्दात बसायचं. त्यात हसू असे, रडू असे, शेवटी उपदेशही असे. म्हणून "विनोदी की गंभीर" हा प्रश्न जाहिरातीवरून सुटत नाही. कुणी पूर्ण कथा प्रसंगवार सांगत असेल, तर ती कोणत्या पुस्तिकेतून किंवा कोणत्या अंकातून घेतली, हे जरूर विचारा. हरवलेल्या चित्रपटांच्या कथा इंटरनेटवर एकमेकांकडून उचलताना वाढत जातात.

भारतीय मूकविनोद प्रत्यक्ष कसा दिसायचा, हे पाहायचं असेल तर १९३१ चा बंगाली 'जमाईबाबू' पाहा. खेड्यातला जावई कलकत्त्यात हरवतो आणि धडपडतो, एवढीच गोष्ट. पण तो वाचलेला आहे, आणि त्यात तेव्हाचं कलकत्ता रस्त्यांसकट दिसतं. 'टायपिस्ट गर्ल' सापडला तर मुंबईची कचेरीही अशीच दिसेल: टेबलांची मांडणी, खुर्चीत बसण्याची पद्धत, साहेब आत आल्यावर कोण उठतं आणि कोण नाही. एवढ्यासाठीसुद्धा तो शोधावा असा आहे.

"हरवलेला" म्हणजे नेमकं काय?

कोणत्याही ज्ञात संग्रहात त्याची प्रत, निगेटिव्ह किंवा तुकडा नाही, एवढाच त्याचा अर्थ. नष्ट झाल्याचा तो पुरावा नव्हे. एखादं रीळ मिळालं तर चित्रपट "अंशतः उपलब्ध" होतो. भारतात १९१२ ते १९३४ या काळात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले तुकड्यांसकट वाचलेले काही डझनांच्या आतच आहेत.

एवढे चित्रपट गेले कसे?

कारणं चार, आणि चारही साधी.

पहिलं, १४ मार्च १९३१ ला 'आलमआरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि तीन-चार वर्षांत मूकपटाची बाजारातली किंमत शून्य झाली. ('आलमआरा' स्वतःही आज हरवलेला आहे.) दुसरं, फिल्मच्या थरात चांदी असते. ती काढण्यासाठी रिळं धुतली गेली आणि उरलेलं सेल्युलॉईड इतर वस्तूंसाठी विकलं गेलं. तिसरं, प्रती मुळातच मोजक्या असत. त्याच प्रती गावोगाव फिरून, ओरखडे पडून, तुटून, जोडून संपत. चौथं, ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट या ज्वलनशील पदार्थाची होती. नायट्रेट आपलं आपण कुजतं, आणि पेटलं तर विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं एका दिवसात गेली. जपून ठेवलेलंसुद्धा असं जातं, तर माळ्यावरच्या डब्याचं काय सांगावं.

इतक्या वर्षांनी काही सापडतं का?

सापडतं, आणि नको त्या ठिकाणी सापडतं. दुकानातली विक्रेती मुलगी आणि तिचा मालक यांच्या प्रेमाची विनोदी गोष्ट सांगणारा क्लारा बोचा 'इट' (१९२७) बराच काळ हरवलेला मानला जात होता. त्याची नायट्रेट प्रत १९६० च्या दशकात प्रागमध्ये निघाली. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ आवृत्ती १९८१ मध्ये ओस्लोच्या एका मनोरुग्णालयात मिळाली. १९१९ चा आपला 'बिल्वमंगल' पॅरिसच्या सिनेमॅथेक या चित्रपट-संग्रहालयात होता. त्याचा ५९४ मीटरचा भाग २०१६ मध्ये डिजिटल रूपात पुण्याला आला. ५९४ मीटर म्हणजे सुमारे १,९५० फूट, साधारण अर्ध्या तासाचा ऐवज.

सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडातल्या डॉसन सिटीचं आहे. १९७८ मध्ये तिथे जमिनीखाली पाचशेहून जास्त रिळं सापडली. डॉसन हे वितरणाच्या वाटेवरचं शेवटचं गाव. तिथून प्रत परत पाठवायचा खर्च प्रतीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून ती तिथेच राहिली.

मग नागपूर-विदर्भातच का शोधायचं?

याच हिशेबाने. चित्रपट आधी मुंबई-पुण्यात लागायचा. मग सी.पी. आणि बेरारच्या (तेव्हाचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड) पट्ट्यात यायचा, आणि शेवटी तंबूच्या सिनेमांतून जत्रांना फिरायचा. शेवटच्या मुक्कामाची प्रत परत मागायला कुणी येत नसे. म्हणून जुन्या थिएटरच्या मालकांची घरं, ऑपरेटरांची घरं, तंबू सिनेमाचं सामान ठेवलेल्या कोठ्या, वितरकांच्या बंद पडलेल्या कचेऱ्या, इतवारीतली गोदामं आणि महालातले वाडे या जागा महत्त्वाच्या आहेत. वाडा पाडून फ्लॅट स्कीम उभी राहते, त्या आठवड्यात सगळं कबाड्याकडे जातं. रिळं वाचवायची तर त्या आठवड्याच्या आत पोचावं लागतं. ओळखीच्या कबाड्याला सांगून ठेवा: "गोल, चपटा पत्र्याचा डबा आला तर फोडू नको, तापवू नको, फोन कर."

डबा सापडला, आता पहिल्या तासात काय करू?

आधी घरातली आग बंद करा. गॅस, समई, उदबत्ती, सिगारेट, सगळं. डबा देवघराशेजारच्या कपाटात निघाला असेल तर तो तिथून हलवण्याआधी समई विझवा.

मग डबा तसाच, आडवा, दोन्ही हातांनी उचला. एक हजार फुटांचं ३५ मिमीचं रीळ साधारण सव्वादोन ते अडीच किलोचं असतं, त्याचा डबा सुमारे दहा इंच व्यासाचा. गंजलेला तळ निसटून रीळ खाली सांडतं, म्हणून खाली परात किंवा पुठ्ठा धरा. डबा सावलीतल्या, हवेशीर जागी न्या: उत्तरेकडचा व्हरांडा, जिन्याखालची मोकळी जागा. गच्चीवर नको, पत्र्याखाली नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको.

झाकण उघडायचं ते बाहेर, वारा आपल्या पाठीवर येईल असं उभं राहून. हातात नायट्राइलचे मोजे घाला. तोंडावर एन-९५ असेल तर भुकटी अडते, पण कुजणाऱ्या फिल्ममधून निघणारा वायू त्याने अडत नाही. म्हणून तोंड डब्यावर आणून वास घेऊ नका. वास आला तर तो हातभर अंतरावरूनच येतो. झाकण गंजून बसलं असेल तर हातोडी-स्क्रूड्रायव्हर लावू नका. ठिणगी आणि धक्का, दोन्ही धोक्याचे. ते काम संग्रहालयाच्या माणसांवर सोडा.

झाकण निघालं तर वरून दोन-तीन फोटो घ्या. डब्यावरचं लेबल, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं काहीही, आतला कागद, सगळ्याचे फोटो. लेबल सुटत असेल तर ते त्याच डब्याबरोबर कागदी लिफाफ्यात ठेवा. कोणता कागद कोणत्या डब्यातला, ही ओळख एकदा गेली की परत येत नाही. प्रत्येक डब्याला १, २, ३ असे क्रमांक द्या आणि वहीत लिहा.

शेवटी झाकण सैल ठेवा, घट्ट नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा हवाबंद डब्यात घालू नका. कुजताना निघणारा वायू आत कोंडला की तोच वायू कुजणं वाढवतो. या चुकीने चांगल्या रिळांची माती होते, आणि करणाऱ्याला वाटत असतं की आपण जपतो आहोत.

हे नायट्रेट आहे का, घरी कसं कळेल?

फूटपट्टीने रुंदी मोजा. फिल्म ३५ मिमी, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर असेल आणि १९५० च्या आधीची वाटत असेल, तर नायट्रेट धरूनच चाला. १६ मिमी आणि ९.५ मिमी फिल्म घरगुती वापरासाठी सुरुवातीपासून न पेटणाऱ्या अॅसिटेटवर निघाली. ती असेल तर आगीची भीती नाही. तिला आंबट, व्हिनेगरसारखा वास येऊ शकतो आणि ती आकसते. तीही जपून ठेवायचीच.

मग कड पाहा. कडेवर इंग्रजीत "नायट्रेट" किंवा "सेफ्टी" (म्हणजे सहज न पेटणारी) छापलेलं असतं. इथे एक मेख आहे. पारदर्शक कडेवर काळी अक्षरं असतील, तर ती त्याच फिल्मची. काळ्या कडेवर पांढरी अक्षरं असतील, तर ती निगेटिव्हवरून उतरलेली असू शकतात. म्हणजे "नायट्रेट" असं पांढऱ्यात दिसलं तरी हातातली प्रत सेफ्टी असू शकते, आणि उलटही. शंका असेल तर नायट्रेटच समजा.

तुकडा जाळून पाहायचा सल्ला जुने लोक देतात. तो अजिबात ऐकू नका. नायट्रेटच्या ज्वाळेला बाहेरची हवा लागत नाही, ती स्वतःचा ऑक्सिजन स्वतः तयार करते. चिमटीत धरलेला तुकडा बोटापर्यंत येतो तो क्षणात.

कोडॅक फिल्म असेल तर कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते कळतं, पण या खुणा दर २० वर्षांनी परत येतात. १९२६ आणि १९४६ ची खूण एकच. म्हणून खुणेबरोबर चित्रातले कपडे, गाड्या आणि पाट्याही पाहाव्या लागतात.

रीळ कितपत कुजलंय ते कसं ओळखू?

पाच अवस्था धरतात. पहिलीत फिल्म पिवळसर-तांबूस होते, चित्र फिकं पडतं, उग्र वास येऊ लागतो. दुसरीत थर चिकट होतो आणि वेटोळी एकमेकांना धरतात. तिसरीत फोड येतात, वास घशात जातो. चौथीत रिळाचा एक गठ्ठा होतो, वर मधासारखा फेस. पाचवीत तपकिरी भुकटी.

पहिल्या दोन अवस्थांतलं रीळ जवळजवळ पूर्ण उतरवता येतं. तिसरीतलं काही भागांत. चौथी-पाचवीतलं वाचत नाही, आणि तेच सर्वांत धोकादायक. ती भुकटी झाडूने लोटू नका. पण एका रिळात या अवस्था एकत्र असतात हे विसरू नका. बाहेरची दहा वेटोळी गेली असली तरी आतला गाभा स्वच्छ असू शकतो. वरून खराब दिसलं म्हणून फेकून देऊ नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

नाही, आणि हा मुद्दा नागपूरकरांनी फार मनावर घ्यावा. चांगल्या अवस्थेतलं नायट्रेट पेटायला बरंच जास्त तापमान लागतं. पण खूप कुजलेलं नायट्रेट ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ राहिलं तरी आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो. म्हणजे बाकी कुठे ही गोष्ट पुस्तकात असेल, इथे ती एप्रिल-मे-जूनची रोजची परिस्थिती आहे.

एप्रिलच्या आत डबे माळ्यावरून खाली आणा. घरातली सर्वांत थंड खोली तळमजल्याची, उत्तरेची. कूलरच्या झोतात ठेवू नका: कूलर तापमान उतरवतो, पण खोलीत ओल भरतो, आणि ओल हा नायट्रेटचा दुसरा शत्रू. फ्रीजमध्येही नको. तिथे पाणी सुटतं, आणि शेजारी अन्न असतं. एसीची खोली असेल तर सर्वांत बरं, पण त्या खोलीत कुणी झोपायचं नाही. डबे एकमेकांवर दोन-तीनपेक्षा जास्त रचू नका, आणि जुने फोटो, इतर फिल्म, चांदीची भांडी यांच्यापासून लांब ठेवा. कुजणाऱ्या फिल्मचा वायू त्यांनाही खातो.

हे सगळं काही दिवसांपुरतं. कायमची साठवण थंड, कोरड्या, खास बांधलेल्या गोदामातच होते.

आग लागलीच तर?

विझवायला थांबू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ लावा आणि "सेल्युलॉईडची नायट्रेट फिल्म आहे" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. ही फिल्म पाण्याखालीही जळते, आणि तिचा धूर विषारी असतो. धूर नाकात गेला असेल तर त्या वेळी बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. फुफ्फुसांत पाणी होण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात आहे, आणि स्फोटक व ज्वलनशील पदार्थांचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालयही. नायट्रेट फिल्म ठेवण्या-नेण्याबद्दल १९४८ चे स्वतंत्र सिनेमॅटोग्राफ फिल्म नियम आहेत. दहा-वीस डबे निघाले तर काय करावं लागेल, हे सेमिनरी हिल्सवर पेसोच्या कचेरीत जाऊन समोरासमोर विचारता येतं.

हे मूकपटाचंच रीळ आहे का?

मूकपटाचं चित्र दोन्ही बाजूंच्या भोकांपर्यंत पूर्ण रुंदीचं असतं. बोलपटात चित्राच्या एका कडेला अरुंद पट्टा असतो, त्यात नागमोडी रेघ किंवा बारीक आडव्या रेषा: तो आवाज. पट्टा नाही आणि मध्येमध्ये अक्षरांच्या पाट्या आहेत, तर मूकपट. पाट्या दोन, तीन, चार भाषांत असू शकतात: गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी, कधी मराठी. काही पट्टे निळे, काही पिवळे-नारिंगी दिसले तर रंग उडालाय असं समजू नका. रात्रीचा प्रसंग निळा, दिव्याच्या उजेडातला पिवळा, असं रंगवण्याची तेव्हा रीत होती.

निगेटिव्ह असेल तर पाटी एखाद-दुसऱ्या चौकटीपुरतीच दिसते. ती तुटलेली नसते. प्रत काढताना तीच चौकट लांबवायची, म्हणून ती तशी ठेवलेली असते.

"हाच तो" हे कसं ठरवायचं?

चित्रात टाइपरायटर दिसला म्हणून 'टायपिस्ट गर्ल' ठरत नाही. खरा पुरावा पाटीवर असतो. पाटीच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, पात्रांची नावं, रिळाचा क्रमांक. दोन-तीन पात्रांची नावं मिळाली की ती वीरचंद धरमसींनी तयार केलेल्या मूकपटांच्या सूचीशी आणि जुन्या जाहिरातींशी ताडून पाहता येतात. फिल्मची लांबी किती फूट, हेही जुळवून पाहावं, पण सापडलेली प्रत जवळजवळ नेहमीच मूळ लांबीपेक्षा कमी भरते. लांबी जुळली नाही म्हणून ओळख रद्द होत नाही.

मोबाईलवर फोटो कसे घ्यायचे?

टॅबलेटवर पांढरा पडदा लावा, उजेड पूर्ण वाढवा, फिल्मची पट्टी त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरा म्हणजे पडद्याचे ठिपके दिसत नाहीत. पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लावू नका, ते तापतात. पट्टी कडेनेच धरा. बाहेरचे तीन-चार फूटच उलगडा. जिथे वेटोळं पुढच्याला चिकटलेलं जाणवेल, तिथे थांबा. चिकटलेलं ओढलं की चित्राचा थर सालीसारखा निघतो, आणि तो परत बसत नाही. चार-पाच चौकटी, कडेवरची अक्षरं आणि एखादी पाटी एवढं मिळालं तरी ओळखीचं अर्धं काम झालं.

प्रोजेक्टरवर लावून बघू का? आजोबांचा प्रोजेक्टर चालू आहे.

नाही. दिव्यासमोर फिल्म अडकली की पेटते, हे एक. दुसरं, जुनी फिल्म आकसलेली असते. १०० भोकांची लांबी मोजा: ताज्या फिल्ममध्ये ती साधारण ४७.५ सेंमी भरते. ती ४७ च्या आसपास आली असेल तर आकसणं एक टक्का झालं, आणि दातेरी चाकं भोकं फाडत जाणार. आजकालच्या स्कॅनरमध्ये दाते नसलेली व्यवस्था असते, आकसलेली फिल्मही त्यातून जाते. शंभर वर्षं टिकलेली गोष्ट एका संध्याकाळसाठी घालवू नका.

एका रिळात किती वेळाचा चित्रपट असतो?

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. हजार फुटांत १६,०००. सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने सुमारे १६ मिनिटं ४० सेकंद, १८ ने सुमारे पावणेपंधरा मिनिटं, आणि बोलपटाच्या २४ ने फक्त ११. मूकपट २४ ने दाखवला की माणसं पळत सुटतात. लोकांना वाटतं जुने नट तसेच चालायचे. तसं नाही, वेग चुकलेला असतो. आठ रिळांचा चित्रपट १८ च्या वेगाने दोन तासांच्या आसपास बसतो.

रीळ कुणाकडे द्यायचं आणि कसं पाठवायचं?

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४, आता एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग) हे पहिलं ठिकाण. मुंबईतलं फिल्म हेरिटेज फाउंडेशनही असं काम करतं. पत्रात किंवा ईमेलमध्ये एवढं लिहा: डबे किती, फिल्मची रुंदी, डब्यांचा व्यास, कुजण्याची अवस्था, कडेवरची अक्षरं, पाटीवरचा मजकूर, डबे कुठे आणि किती वर्षं होते. फोटो जोडा. "जुनी रिळं आहेत, किंमत सांगा" असं पत्र गेलं तर उत्तराला वेळ लागतो.

पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवू नका. नायट्रेट फिल्म धोकादायक मालात मोडते (यूएन १३२४, वर्ग ४.१). रेल्वेच्या डब्यात सामान म्हणूनही नेऊ नका. संग्रहालयाशी बोलून त्यांच्या सांगण्यानुसारच न्या. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारी, रात्रीचा प्रवास.

देताना लेखी पावती घ्या आणि त्यात ठरवा की ही देणगी, की ठेव, की फक्त नक्कल काढण्यासाठी दिलेली वस्तू. डिजिटल प्रत घरच्यांना मिळेल का, नाव कसं लिहिलं जाईल, हे तेव्हाच विचारा.

यावर हक्क कुणाचा? पैसे मिळतात का?

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. १९२६ च्या चित्रपटाचा तो केव्हाच संपला. रीळ ही वस्तू मात्र तुमच्या घरातली, तुमचीच. चांदीच्या आशेने कबाड्याला देऊ नका. एका रिळातून निघणारी चांदी थोडी, आणि गेलेला चित्रपट कायमचा.

रीळ नाही, पण हँडबिल किंवा पुस्तिका सापडली. तिचा उपयोग?

फार मोठा. रीळ सापडण्यापेक्षा कागद सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि कथा, पात्रं, नटांची नावं, रिळांची संख्या हे सगळं त्यावरच असतं. मूकपटाची हँडबिलं पातळ, रंगीत, स्वस्त कागदाची असत. ती हिशेबाच्या वह्यांत, पोथ्यांच्या मध्ये, संदुकीच्या तळाला अंथरलेली निघतात. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, इस्त्री तर नकोच. घडी जोराने उघडू नका. दोन कोऱ्या कागदांत ठेवून जड पुस्तकाखाली एक-दोन दिवस राहू द्या. मग ६०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करा. मागे पेन्सिलीने लिहिलेला हिशेब किंवा तारीखही महत्त्वाची: तिच्यावरून चित्रपट या भागात केव्हा आला ते कळतं.

नागपुरात जुनी वर्तमानपत्रं आणि कागदपत्रं कुठे आणि कशी शोधायची?

सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयाच्या परिसरात पुराभिलेख खात्याचं विदर्भाचं दफ्तर आहे, त्यात सी.पी. आणि बेरार सरकारची कागदपत्रं आहेत. थिएटरचे परवाने, करमणुकीबद्दलचा पत्रव्यवहार, आगीच्या तक्रारी या फायली मागा. "सिनेमा" या एका शब्दावर अडू नका. तेव्हाच्या फायलींत तो सिनेमॅटोग्राफ, बायोस्कोप, करमणूक, पोलीस अशा वेगवेगळ्या नावांखाली असतो. वर्तमानपत्रांसाठी 'महाराष्ट्र' आणि 'हितवाद' या नागपूरच्या पत्रांचे जुने अंक पाहा. विद्यापीठाचं ग्रंथालय आणि झाशी राणी चौकातला विदर्भ साहित्य संघ इथून सुरुवात करा.

शोधताना १९२६ वर थांबू नका. मुंबईत लागलेला चित्रपट इकडे महिन्यांनी, कधी वर्षांनी यायचा. १९२६ ते १९३२ एवढा पट्टा धरा. आधी एका महिन्याचे अंक चाळून खेळ कोणत्या वारी बदलतो ते ओळखा. मग त्याच्या आदल्या आणि त्या दिवशीचेच अंक पाहा, काम एक तृतीयांशावर येतं. नाव टायपिस्ट, टाइपीस्ट, टायपीस्ट असं कसंही छापलेलं असेल. नटीच्या नावावरून शोधणं जास्त फळतं, कारण जाहिरातीत "सुलोचना" हे चित्रपटाच्या नावापेक्षा मोठ्या टाइपात असे. प्रत्येक जाहिरातीचा पूर्ण पानासह फोटो घ्या, फक्त चौकटीचा नको. पानाच्या माथ्यावरची तारीख त्याच फोटोत आली पाहिजे.

यूट्यूबवर "टायपिस्ट गर्ल १९२६" दिसतो, तो खरा का?

त्यात सुलोचना ओळखू येते का, पाट्यांवर कोहिनूरचं नाव आहे का, प्रत कोणत्या संग्रहालयाची ते लिहिलंय का, एवढं पाहा. तिन्ही नसेल तर दुसऱ्याच मूकपटाला हे नाव चिकटवलेलं आहे. पाट्या फक्त इंग्रजीत आणि कचेरीत सगळे गोरे असतील, तर तो अमेरिकन चित्रपट.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय विचारू?

"मूकपट पाहिला का?" असं विचारू नका, तेवढं वय आता कुणाचं नाही. विचारा: घरात कुणी थिएटरात डोअरकीपर, ऑपरेटर, पेटीवादक, तबलजी होतं का? पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवण्याचं काम कुणी केलं होतं का? जत्रेतला तंबू सिनेमा कुणाचा, तो बंद झाल्यावर सामान कुठे गेलं? सी.पी.-बेरारच्या वितरणाचं बरंच काम अमरावती आणि भुसावळहून चालायचं, म्हणून तिकडच्या नातेवाइकांनाही हेच विचारा. नाव, गाव आणि वाड्याचा पत्ता वहीत लिहून ठेवा, आणि वाडा अजून उभा असेल तर पावसाळ्याआधी जाऊन या.